केस नुसता टेकला पाहिजे

कंगव्यात केस आला की माझ्या वयाच्या बायका नवीन तेल शोधायला लागतात. मी तो केस चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात बघते. मुळाकडचं टोक कुठलं, शेंड्याकडचं कुठलं, किती जाड, किती लवतो. मग ‘पास’ किंवा ‘नापास’ असं स्वतःशी पुटपुटून टाकून देते. आमचे हे म्हणतात, “शेजाऱ्यांमुळं कुणाला पत्त्यांचा नाद लागतो, कुणाला तंबाखूचा. तुला काय लागला बघ.”

हा नाद लावला शेजारच्या अप्पांनी. त्यांच्या घराची नि आमची भिंत एकच. स्वयंपाकघराच्या खिडक्याही समोरासमोर, त्यामुळं त्यांच्याकडं फोडणीत लसूण पडला की इकडं आमच्या नाकाला कळायचं. अप्पा सोलापूरच्या एका कापड गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारा माणूस. गिरणी बंद पडली, अप्पा घरी बसले आणि तेव्हापासून घर दुरुस्त करायला लागले. घराला हे फारसं मानवलं नाही.

कारण अप्पांच्या घरात कुठल्याच वस्तूवर शेवटचा हात फिरलेला नव्हता. पंखा गरगर फिरायचा, पण त्याची वरची वाटी कपाटात. दाराला कडी होती, कोयंडा यायचा होता. फाटक आतल्या अंगानं हिरवंगार आणि रस्त्याच्या अंगानं नुसतं लाल गंजरोधक. विचारलं तर अप्पा शांतपणे म्हणायचे, “शेवटचा हात ऱ्हायलाय. त्यो घाईत मारायचा नसतोय. बाकीचं काम काय, कुनीबी करतंय की.”

“मल्लू पाळन्यात हुता तवापास्नं फाटक एका अंगानं हिरवं हाय,” अक्का आतून ओरडायच्या. अक्का म्हणजे अप्पांच्या बायको. मल्लू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लिनाथ, जो तोवर पाळण्यातून उतरून पुण्यात इंजिनिअर झाला होता.

अशा माणसाच्या हाती मंगळवार बाजारातल्या भंगाराच्या ढिगात एक वस्तरा लागला. जुना, उघडमिटीचा, शिंगाच्या मुठीचा, पात्यावर कसलीतरी विलायती अक्षरं. गंजानं ती निम्मी खाल्लेली. अप्पांनी तो रुमालात गुंडाळून असा आणला की अक्कांना वाटलं वाटेत देवाचा टाक सापडला. श्रावण चालू होता. सोमवार येताच अप्पांनी वस्तरा खरोखरच देवापुढं ठेवला, कपाळाला भस्म लावलं आणि बोलून बसले, “आता दाढी करीन तर ह्येनंच. तोवर हनवटीला दुसरं पातं लावनार न्हाई.”

अक्का म्हणाल्या, “बरं. मंजी उद्या करनार.”

त्या उद्याला किती श्रावण लागणार आहेत हे त्या बाईला तेव्हा कुठं माहीत होतं!

गंज निघाला. दगडावर पाणी टाकून धार लागली. मग आणखी गुळगुळीत दगड आला, त्यावर साबणाच्या फेसात धार लागली. माझ्यासारखीला वाटलं, झालं. मी तसं बोललेही. अप्पा हसले. दगडावरचं काम म्हणजे त्यांच्या लेखी नुसती नांगरट. पेरणी तर पुढंच होती.

पेरणीसाठी त्यांनी खिडकीच्या गजाला आधी चादर बांधली. सोलापुरी चादरीची दाट विणीची किनार. (चादर आमची होती. वाळत घातलेली.) तिच्यावर वस्तरा मागं-पुढं फिरवायचा. मग चामड्याचा पट्टा. हा गिरणीतल्या जुन्या मागाचा, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. अक्कांनी चामडं देवघराच्या बाजूला येऊ दिलं नाही, म्हणून पट्टा मोरीच्या दाराला. त्यानंतर काचेवर पसरलेला वर्तमानपत्राचा कागद. त्यावर अग्रलेखाचं पान चालत नसे. अप्पांच्या मते त्याला शाई जास्त नि धार कमी. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा तळहात.

“पाठ फुडं, धार मागं,” अप्पा मला खिडकीतून शिकवायचे. मी विचारलेलं नसायचं. “टोकाला गेलं की पाठीवर उलटवायचं. धारेवर उलटवलं की संपलं, परत पयल्यापास्नं. आन दाब द्यायचा न्हाई सुनंदा. वस्तऱ्याला सोताचं वजन हाय न्हवं? त्येला त्येचं काम करू दे की.”

हेच ते मी भाकरी थापत असतानाही सांगायचे. दाब न देता थापलेली भाकरी कशी होते ते आमच्या घरी सगळ्यांनी खाऊन पाहिलं आहे.

हे ज्ञान आलं कुठून, तर मोबाइलमधून. कुठल्यातरी लांबच्या देशातला एक टकला गोरा धार लावण्याचे व्हिडिओ टाकायचा. अप्पा त्याला ‘आमचे गुरू’ म्हणत आणि आवाज पूर्ण बंद करून त्याला बघत. इंग्रजी कळत नाही म्हणून नव्हे. “हात बघायचा. बडबड काय ऐकायची?” आता हा गोरा पट्टा हातात घेण्याआधी दरवेळी मांडीवरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवायचा. अप्पांनी तो टप्पाही टिपून घेतला. हाताला घाम असतो, तो केसाळ अंगावर पुसला की पकड सुटत नाही, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या गल्लीत मांजर टिकत नाही, कुत्री फार. म्हणून अप्पांनी पलीकडच्या बिरूच्या शेळीची निवड केली. ही सोनी नावाची शेळी. रोज सकाळी अप्पा फाटकाच्या हिरव्या बाजूनं बाहेर जायचे, लाल बाजूला बांधलेल्या सोनीच्या पाठीवरून तीनदा हात फिरवायचे आणि हात वर धरून, कशालाही न शिवता, एखाद्या सर्जनसारखे आत यायचे.

एकदा माझ्या लेकीनं त्यांच्या मोबाइलचा आवाज चालू केला. गोरा सांगत होता की मांजराचं वय झालंय आणि तिला हल्ली मांडीवरून उठवलं तर राग येतो. बस, एवढंच.

“अप्पा, मांजराचा काही संबंधच नाहीये,” लेक म्हणाली.

अप्पांनी क्षणभर विचार केला. “त्येला म्हाईत नसंल त्यो का करतोय ते,” ते म्हणाले. “हात बराबर हाय त्येचा. सांगतोय चूक.”

आणि सोनी चालू राहिली.

आता केसाचं सांगते. धार तयार झाली की नाही हे बोटानं बघणं म्हणजे अप्पांच्या भाषेत ‘न्हाव्याच्या दुकानातली परीक्षा’. खरी परीक्षा केसाची. एक केस मुळाकडून चिमटीत धरायचा, मोकळं टोक अलगद धारेवर सोडायचं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. केस नुसता टेकला पाहिजे आणि तुटला पाहिजे. अडचण एकच होती. अप्पांच्या डोक्यावर केस नव्हता. एकही. दाढीचा केस चालत नसे, कारण तो ‘आरोपीच सोताचा साक्षीदार’. म्हणून ते रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक मारायचे, “सुनंदा, एक केस दे गं.”

तेव्हा माझी वेणी कंबरेपर्यंत होती. लग्न झाल्यापासून तिचं कौतुक कुणी केलं असेल तर ते अप्पांनीच. “काय केस हाय! तारंसारका!” असं कुणी रोज सकाळी म्हणालं तर बाई केस देतेच. हे म्हणायचे, “लोकांचं टक्कल वयानं पडतं, हिचं सहकारी तत्त्वावर पडणार.”

माझ्या नणंदबाई मंगळवेढ्याहून राहायला आल्या होत्या, तेव्हा सकाळी ही हाक आली. त्यांच्या हातातला चहा सांडला.

“केस? मान्साचा केस मागतोय त्यो? आन तू देतीस?”

“धार बघायला हो, वन्सं.”

“कसली धार? अगं, केस आन नखं कुनाच्या हाती द्यायची नसत्यात! करनी करत्यात त्येच्यावर!” त्यांनी लगेच मीठ-मोहरी उतरवून टाकली, स्वतःचा कंगवा धुऊन डब्यात घातला आणि डबा गादीखाली. तीन दिवस त्या डोक्यावर पदर घट्ट धरून अंगणात फिरल्या. चौथ्या दिवशी मी घरात नव्हते. अप्पांची हाक आली. वन्संनी काय विचार केला देवाला ठाऊक, भीतीपोटी म्हणा की उत्सुकतेपोटी म्हणा, एक केस उपटून खिडकीतून दिला. अप्पांनी तो उजेडात धरला आणि परत केला. “मऊ हाय. चालनार न्हाई.”

मी परत आले तर वन्संचा चेहरा लाल. “मला मऊ म्हनतोय! शिकेकाई लावतीया मी आजवर! बग जरा हा केस, बग! ह्यो नापास?” जाईपर्यंत त्यांना करणीची भीती उरली नव्हती. अपमान उरला होता. अजून फोनवर विचारतात, “त्या टकल्याचं काय झालं मग?”

असा काळ जात होता आणि दाढी वाढत होती. पांढरी, दाट, छातीपर्यंत. तकतकीत डोकं, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात पांढरा सदरा. तुम्ही कोणत्याही सोलापूरकराला हा माणूस लांबून दाखवा आणि विचारा हे कोण. त्याचे हात आपोआप जोडले जातील. बसमध्ये अप्पांना जागा मिळायला लागली. भाजीवाली कोथिंबीर वरून द्यायला लागली. अप्पा म्हणत, “लोकं सुधारली.”

मग मल्लूचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी दुधनीची, चांगलं घर. बघायला आम्ही दोघंही गेलो होतो. आमची गाडी दारात थांबली, पुढच्या सीटवरून अप्पा उतरले, आणि मुलीची आजी दाराशी उभी होती ती तिथंच जमिनीवर आडवी झाली.

“बर्री, स्वामी, बर्री!” या, या म्हणत तिनं अप्पांचे पाय धरले.

अप्पा गोंधळले. “आवो, मी पोराचा…”

पण तोवर आतून परात आली, पाणी आलं, पाय धुतले गेले, अप्पा उंच पाटावर बसवले गेले. पोरीचं लग्न ठरवायला पाहुण्यांनी आपले स्वामी बरोबर आणले, केवढी रीतीची माणसं, म्हणून घर भारावून गेलं. पाय धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून फिरलं. आमच्या ह्यांच्याही तळहातावर पडलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. शेजारच्या एकानं दूध न देणारी म्हैस कशी वळवावी विचारलं. अप्पांनी जॉबरच्या सवयीनं “तेलपानी येळेवर करा” असं सांगितलं, आणि तो माणूस डोळे पुसत गेला.

सगळं निवांत झाल्यावर मुलीचे वडील सतरंजीवर बसले, सगळ्यांकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, “मुलाचे वडील आले न्हाईत का?”

अक्का पुढं सरकल्या. “आलेत की,” त्या म्हणाल्या. “तुमी आत्ता त्येंचंच पाय धुतलासा.”

मला बाहेरच्या म्हशीच्या रवंथाचा आवाज आला. मुलीचे वडील घामाघूम. आजी मात्र हलली नाही. “आमी तीर्थ प्यालोय,” ती ठामपणे म्हणाली. “आता न्हाई म्हनू नका. आमच्यासाठी स्वामीच.”

लग्न ठरलं. पण परतीच्या वाटेवर वळसंग येईपर्यंत अक्का बोलल्या नाहीत. आणि बोलल्या तेव्हा गाडीतला पंखासुद्धा बंद झाल्यासारखा वाटला.

“लग्नात मी तुमच्या शेजारी बसनार न्हाई.”

“का बरं?” अप्पा म्हणाले.

“स्वामीला बायकू नसतीया. मग सगळी इचारतील ही बाई कोन? मी काय सांगू? मठातली भांडीवाली म्हनून सांगू?” त्यांचा आवाज एकदम चिरकला. “एकच पोरगा हाय मला. त्येच्या लग्नात मला नवऱ्याशेजारी बसायचंय. दाढी काडा. न्हाईतर पाट एकलाच मांडा.”

अप्पांनी दाढीवरून हात फिरवला. “वस्तरा तयार झाला की लगीच,” ते म्हणाले.

“साक री!” अक्का म्हणाल्या. म्हणजे पुरे आता.

त्यानंतर आमच्या भिंतीपलीकडून सट् सट् आवाज थांबेना. चादर, पट्टा, कागद, तळहात. सोनीच्या पाठीवर टक्कल दिसायला लागलं. माझे केस रोज दोन-तीन जात होते आणि प्रत्येक वेळी केस धारेवर टेकून, लवून, खाली घसरायचा. “जवळ आलंय,” अप्पा म्हणायचे, “लई जवळ आलंय.” पत्रिका वाटल्या गेल्या. अक्कांनी लग्नासाठी घेतलेली इरकल साडी घडी न मोडता कपाटात ठेवून दिली आणि मला म्हणाल्या, “बगू. नेसली तर नेसली.”

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नटून-थटून त्यांच्याकडं गेले तर अप्पा पट्ट्यापाशी, बनियनवर. अक्का जुन्या लुगड्यात, पाटावर, पाठ फिरवून. अक्षता दुपारी होत्या.

“सुनंदा, केस दे.”

मी पार्लरमधून आले होते, आयुष्यात दुसऱ्यांदा. अंबाडा, गजरा, वरून फवारा. एक केस कसाबसा ओढला. अप्पांनी वाकवून बघितला. तो वाकलाच नाही. “ह्येला खळ लावलीया काय गं?”

मी अगदी खाली मान घातली. आणि तेव्हा अक्का उठल्या. त्यांनी आपल्या पांढऱ्या बुचड्यातून एक केस खसकन उपटला आणि अप्पांसमोर धरला. इतक्या वर्षांत अप्पांनी तो कधी मागितला नव्हता. कारण विचारलं तर म्हणायचे, घरचा परीक्षक नको, पेपर फुटतो.

“घ्या,” अक्का म्हणाल्या. “बगा.”

अप्पांनी केस घेतला. मुळाकडून धरला. टोक खाली सोडलं. केस टेकला… आणि तुटला. आवाजही न करता. अर्धा केस फरशीवर.

आता, अक्कांना आदल्या हिवाळ्यात टायफॉइड झाला होता आणि तेव्हापासून त्यांचे केस नजरेनं सुद्धा तुटायचे, हे मला माहीत होतं. पण ते बोलायची ती वेळ होती का?

“झालं,” अप्पा म्हणाले.

त्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

मग फेस आला. अक्कांनी आरसा धरला, मी तुरटी धरली, आणि तेव्हा कुठं आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आलं की अप्पांनी जन्मात कधी वस्तऱ्यानं दाढी केलेली नाही. पण त्यांचा हात थांबला नाही. कात्रीनं उजवी बाजू छाटली, गाल ताणला, आणि वस्तरा कानापासून खाली आला. दाब न देता. स्वतःच्या वजनानं. टायफॉइडचा केस असो नसो, खोटं कशाला बोलू, लोण्यातून सुरी फिरावी तसा आला. अर्ध्या हनवटीपर्यंत गाल सोललेल्या केळ्यासारखा लख्ख. अक्कांनी आरसा माझ्याकडं दिला आणि दोन बोटं त्या गालावरून फिरवली. “अगा बया,” त्या हळूच म्हणाल्या, “हितं खळी पडतीया, मी इसरलेच हुते.” आणि साडी नेसायला आत पळाल्या.

अप्पांनी वस्तरा पुसला आणि उठले. “आता डावी बाजू. आदी पट्ट्यावर शेवटचा हात.”

“आता परत?” मी ओरडले.

“एक गाल झाला की धार दमतीया. सोनी कुटं हाय?”

सोनी नव्हती. सगळी गल्लीच लग्नाला निघालेली, शेळीकडं बघायला कुणी नाही, म्हणून बिरूनं तिला आदल्या दिवशीच भावाकडं वळसंगला पोचवलं होतं.

“शेळीशिवाय करा की हो अप्पा!”

“हाताला घाम हाय. पकड सुटली तर गळा कापंल.” तर्क बिनतोड होता. तेवढ्यात नवरदेव मुंडावळ्या सावरत, हातात आपलं विजेवर चालणारं दाढीचं मशीन घेऊन धावत आला. “अप्पा, दोन मिनिटांचं काम आहे, हे घ्या.”

अप्पांनी त्या मशीनकडं बघितलं. “निम्मा आंबा चोखायचा आन निम्मा मिक्सरला लावायचा व्हय रे?”

आणि वर्‍हाड निघालं. निम्मी दाढी घेऊन.

कार्यालयात विधीला बसायची वेळ झाली. अक्का इरकल नेसून, मान ताठ, रीतीप्रमाणे अप्पांच्या उजव्या हाताला बसल्या. त्यांच्या बाजूनं बघावं तर खळीवाला, गुळगुळीत, पोराच्या लग्नात लाजलेला नवरा. डाव्या हाताला दुधनीकर. त्यांच्या बाजूनं छातीपर्यंत शुभ्र दाढीचे स्वामी. आजी आली, डावीकडून वाकली, तृप्त होऊन गेली. मागोमाग म्हैसवाला आला. म्हैस दूध द्यायला लागली होती.

अल्बम अजून आमच्याकडंही आहे. निम्म्या फोटोंत मुलाचे वडील आहेत, उरलेल्या निम्म्यांत ते नाहीतच, नुसता एक स्वामी आहे. अक्का मात्र सगळ्या फोटोंत हसतायत.

डावी बाजू पुढं झाली का? सोनी दुसऱ्या दिवशी आली. पण तोवर उजव्या गालावर खुंट उगवले होते, आणि अप्पांच्या मते दोन्ही गाल एका धारेचे हवेत, म्हणून काम पहिल्यापासून सुरू झालं. अक्कांनी पुन्हा कधी तगादा लावला नाही. त्यांचं काम झालं होतं.

पुढं मल्लू दोघांना पुण्याला घेऊन गेला. निघायच्या सकाळी सामान भरून झालं, अक्का मागं बसल्या, अप्पा पुढं, मांडीवर स्टीलचा डबा. त्यात वस्तरा. दाढी पुन्हा छातीपर्यंत. सोनीला त्यांनी फाटकाच्या लाल बाजूला निरोप दिला. गाडी सुरू झाली आणि काच खाली आली.

“सुनंदा, एक केस दे गं. पुन्याची पोरं काय लावत्यात डोक्याला कुनाला ठावं.”

वेणी तेव्हा खांद्याच्या खाली उतरत नव्हती, एकेक केस मोजून विंचरायचे दिवस आलेले. तरी मी त्यातल्या त्यात तारेसारखा एक बघून दिला. अप्पांनी तो मुळाकडून चिमटीत धरला. मागून अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला.

गाडी कोपऱ्याकडं गेली. खिडकीतून अप्पांचा हात बाहेर आला, चिमूट वर, उन्हात केस पारखत. केस काही इतक्या लांबून दिसत नव्हता. नुसती उचललेली बोटं दिसत होती, पांढरी दाढी आणि भस्म. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवली आणि हात जोडले.